गाइडकडून पेपर परत परत येतोय? कुठे अडलंय ते असं शोधा

सेमिस्टर संपत आलं की पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, मॅम, गाइड सरांनी रिसर्च पेपरला परत करेक्शन दिलंय, एकदा नजर टाकाल का. मी सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते, पैसे तासाचे मिळतात, पेपर बघायचे मिळत नाहीत, तरी बघते, आणि आता एवढे बघून झालेत की पहिली दोन पानं आणि शेवटचं पान वाचलं की साधारण अंदाज येतो. नवीन शैक्षणिक धोरणापासून पीजीच्या पोरांनाही रिसर्च प्रोजेक्ट मागे लागलाय, म्हणजे हे दुखणं आता पीएचडीवाल्यांपुरतं उरलेलं नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते. डोळ्यासमोर सोशल सायन्स आणि कॉमर्सचे पेपर आहेत, लॅबमधल्यांना शेवटचा भाग थोडा वेगळा लागेल पण बाकी तेच.

एक गोष्ट आधीच सांगते. पेपर परत आला की बहुतेक जण भाषा सुधारायला बसतात, वाक्यं फिरवतात, जड शब्द घालतात, आणि पेपर पुन्हा परत येतो कारण अडलेलं असतं दुसरीकडेच. माझ्या बघण्यात तरी सगळ्यात जास्त वेळा गडबड ही असते की पेपरने सुरुवातीला विचारलंय एक आणि शेवटी उत्तर दिलंय भलत्याच प्रश्नाचं. पण तिथे थेट उडी मारू नका. आधी स्वस्तातल्या गोष्टी तपासा, त्या तासाभरात होतात, आणि त्या राहिल्या तर गाइड मूळ मुद्द्यापर्यंत पोचतच नाही.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे:

- शेरा दर वेळी नवीन. आधी "फॉरमॅट बघा", मग "रिव्ह्यू वाढवा" (म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा), मग "अ‍ॅनालिसिस नीट करा", आणि मग नुसतं "बघू".
- पानं वाढतायत, पण काय सापडलं ते दोन वाक्यांत सांगा म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही.
- शीर्षक दोनदा तरी बदललंय, आतला मजकूर मात्र तोच.
- सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो तो आकडा, तीस-चाळीसच्या घरात, किंवा त्याहून संशयास्पद म्हणजे शून्य.
- निष्कर्षात "शासनाने योजना प्रभावीपणे राबवाव्यात, जनजागृती करावी" हे वाक्य आहे. हे वाक्य कुठल्याही पेपरला चिकटवता येतं, म्हणून ते कुठल्याच पेपरचं नसतं.
- व्हायव्हाला म्हणजे तोंडी परीक्षेला, किंवा जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने विचारलंय, यात नवीन काय?

आधी फाइल बघा, खरंच

हसू नका. गाइडला गेलेली फाइल जुनीच होती असं कितीतरी वेळा निघतं. लॅपटॉपवर "फायनल", "फायनल २", "फायनल सरांचे करेक्शन", "फायनल नवीन खरी" अशा चार फाइली असल्या की हे होणारच. एकच फाइल ठेवा, नावात तारीख टाका, गुगल डॉक्सवर असेल तर व्हर्जन हिस्टरी आपोआप राहते, आणि ती हिस्टरी पुढे कुणी "हे तुम्हीच लिहिलंय का" विचारलं तर पुरावा म्हणूनही कामाला येते.

मराठीत लिहिताय तर फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं असेल तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसतं, गाइड "फाइल उघडत नाही" म्हणतात आणि तुम्ही तीच पुन्हा पाठवता. युनिकोडमध्ये घ्या आणि सोबत पीडीएफ जोडा. कन्व्हर्टर वापरलात तर नंतर रफार, अर्धी अक्षरं, ऱ्य, श्र, ज्ञ हे सगळं डोळ्यांनी वाचून काढा, कन्व्हर्टर तिथे हमखास चुकतो.

मग मार्जिन, पान नंबर, तक्त्यांचे नंबर. हे तुमच्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतं त्याप्रमाणे करा, सीनियरच्या जुन्या कॉपीवरून नको, त्याच्या वेळचे नियम वेगळे असू शकतात. हे का महत्त्वाचं, तर वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर विस्कटलेलं दिसलं की त्याचं लाल पेन तिथेच अडकतं. तुम्हाला मार्जिनचा शेरा मिळतो आणि तिसऱ्या प्रकरणातला खरा घोळ तसाच राहतो.

शेऱ्यांची यादी केलीय का?

याला शून्य रुपये आणि अर्धा तास लागतो. आतापर्यंतचे सगळे शेरे, तोंडी दिलेले धरून, एका कागदावर उतरवा. तीन रकाने करा: शेरा काय, मी काय बदललं, कुठल्या पानावर. पेपर परत देताना हा कागद वर ठेवा.

कारण साधं आहे, गाइडला तुमचा मागचा ड्राफ्ट आठवत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे पीएचडीचेच आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी असू शकतात, वर पीजीचे प्रोजेक्ट, वर परीक्षेच्या पेपरांची तपासणी, वर नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइली. त्यामुळे दर वेळी ते नव्याने वाचतात आणि दर वेळी नवीन काहीतरी दिसतं. यादी समोर असली की ते बदललेली पानंच बघतात. जर्नलला पेपर परत पाठवतानाही रिव्ह्यूअरच्या मुद्द्यांना असंच एकेक उत्तर द्यायचं असतं, तर सवय आत्ताच लागू द्या. एखादा शेरा पटला नसेल तर तसंही त्यात लिहा, "हा बदल केला नाही कारण अमुक", चालतं, गप्प राहून सोडून दिलेला शेरा मात्र चालत नाही.

संदर्भ: दोन्ही बाजूंनी जुळवा

पेपरमध्ये आलेलं प्रत्येक नाव शेवटच्या यादीत आहे का, आणि यादीतलं प्रत्येक नाव पेपरमध्ये कुठेतरी आलंय का. कंट्रोल एफ मारून एकेक आडनाव शोधा, कंटाळवाणं आहे पण एका संध्याकाळचं काम आहे. आत २०१५ आणि यादीत २०१६ असंही सापडेल. झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापरलं तर एपीए, एमएलए जी काही स्टाइल हवी ती लावून यादी बनवून देतं, आणि मागे घेतलेला म्हणजे रिट्रॅक्ट झालेला पेपर तुमच्या यादीत असेल तर लाल पट्टी दाखवून सांगतंसुद्धा. अर्थात त्यात भरलेली माहिती चुकीची असेल तर यादीही चुकीचीच येणार, गुगल स्कॉलरवरून उचललेली नोंद एकदा मूळ पेपरशी ताडून बघा.

आता नवीन रोग. चॅटजीपीटीला "या विषयावर दहा संदर्भ दे" म्हटलं की तो देतो, लेखकाचं नाव खरं वाटतं, जर्नल खरं असतं, वर्ष, अंक, पानं सगळं नीट, आणि असा पेपर जगात कधी छापलेलाच नसतो. त्यामुळे प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) ब्राउझरमध्ये टाकून उघडा. उघडला नाही, किंवा उघडून भलताच पेपर निघाला, तर तो संदर्भ काढा. त्याच्या जागी "तसाच दुसरा" शोधू नका, ते वाक्य मुळात कशाच्या जोरावर लिहिलं होतं ते आधी बघा, कारण बरेचदा वाक्यच आधाराशिवाय असतं. जुन्या मराठी पुस्तकांना डीओआय नसतो, तिथे लायब्ररीत जाऊन पुस्तक हातात घ्यायचं, दुसरा उपाय नाही. आणि न वाचलेला पेपर यादीत नको, व्हायव्हाला परीक्षक नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतात.

सिमिलॅरिटीचा आकडा वाचायला शिका

इथे सगळ्यात जास्त घबराट आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपाय.

यूजीसीच्या २०१८च्या नियमात पायऱ्या दिल्यात. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, काही शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६०च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. यातून संदर्भ यादी, अनुक्रमणिका, प्रस्तावना, आभार, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायदे, ठरलेली समीकरणं असं बरंच वगळलेलं आहे, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं जुळणंही. तुमच्या कॉलेजची स्वतःची मर्यादा याहून कडक असू शकते, ती ऑफिसात विचारा.

म्हणून पहिलं काम, नुसता आकडा बघून रडायचं नाही, आतला रिपोर्ट उघडायचा. संदर्भ यादी आणि अवतरणं वगळायची सेटिंग चालू होती का? नसेल तर लायब्रेरियनला सांगून पुन्हा काढून घ्या, इतक्यानेच आकडा बराच खाली येतो. मग सोर्स बघा. २५ टक्के आहेत पण ते तीस-चाळीस ठिकाणांहून अर्धा-अर्धा टक्का आलेत तर ते बहुतेक "सदर अभ्यासात प्राथमिक व दुय्यम स्रोतांचा वापर केला आहे" छापाची वाक्यं असतात. पण १२ टक्के शोधगंगेवरच्या (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या) एकाच प्रबंधातून आलेत तर ते उचललंय, तुम्हाला आठवत असो वा नसो. आकडा लहान असला तरी दुसरी केस जास्त गंभीर.

दुरुस्ती कशी करायची? तो परिच्छेद वाचा, फाइल बंद करा, आणि जे समजलं ते मैत्रिणीला सांगतोय तसं लिहा, मग श्रेय द्या. शब्द बदलणारी टूल्स लावू नका. त्यांनी काय होतं त्याचा नमुना म्हणजे छापून आलेल्या पेपरांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचं "बूझम पेरिल" आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं "काउंटरफिट कॉन्शसनेस" झालेलं सापडलंय. २०२१ साली गियोम कबानाक या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे शब्द शोधून त्यावरूनच बनावट पेपर पकडायला सुरुवात केली. म्हणजे पकडलं जाऊ नये म्हणून केलेली युक्तीच पकडून देते. इंग्रजी प्रबंध गुगल ट्रान्सलेटमधून मराठीत आणला तर सॉफ्टवेअरला कदाचित कळणार नाही, पण ती चोरीच, आणि गाइडला मराठी वाचून लगेच कळतं कारण मराठी माणूस तशी वाक्यं बोलत नाही.

दोन विचित्र केसेस नेहमी येतात. एक, मराठी पेपरचा रिपोर्ट शून्य टक्के. पेढे वाटू नका, जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरला बहुतेक वाचताच आलेला नसतो. दोन, पहिल्यांदा १८ होते, सुधारून दिल्यावर थेट ९५ आले. हा तुमचाच आधीचा ड्राफ्ट सिस्टीममध्ये साठवला गेलाय आणि पेपर स्वतःशीच जुळतोय. लायब्रेरियनला तो सोर्स वगळायला सांगा, आणि पुढच्या वेळी साठवणूक बंद ठेवून चेक करायला सांगा. म्हणूनच नेटवरच्या फुकट चेकरमध्ये पेपर टाकू नका, तो मजकूर पुढे कुठे जातो ते आपल्या हातात राहत नाही.

एआय डिटेक्टरचा टक्का हा वेगळा आकडा आहे, तो सिमिलॅरिटीत मिसळू नका. २०१८च्या त्या पायऱ्या सिमिलॅरिटीच्या आहेत. डिटेक्टर माणसाने लिहिलेल्यालाही एआय म्हणतात, तिथे वर सांगितलेली व्हर्जन हिस्टरी आणि हाताने लिहिलेल्या नोट्स दाखवता येतात.

आकड्यांची बेरीज

कॅल्क्युलेटर घ्या. पद्धतीच्या प्रकरणात नमुना ६०, तक्ता तीनमध्ये एकूण ५८, निष्कर्षात "६२ महिलांपैकी". हे सर्रास असतं. दोघींनी तो प्रश्न सोडला असेल तर तसं तक्त्याखाली लिहा. ६० पैकी ३७ म्हणजे ६१.६७ टक्के, मजकुरात "सुमारे ६५ टक्के" नको. एकापेक्षा जास्त उत्तरं देता येणारा प्रश्न असेल तर बेरीज शंभरच्या वर जाणारच, ते सांगून टाका नाहीतर परीक्षक तिथेच पकडतो. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरने पी-व्हॅल्यू (खरा संबंध नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) ०.००० दाखवली तरी पेपरमध्ये "०.००१ पेक्षा कमी" लिहायचं, शून्य शक्यता असं काही नसतं. आकडा एकदा चुकलेला दिसला की वाचणारा बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही, म्हणून हे.

एका पानाची जुळणी – खरा दोष बहुतेक इथेच सापडतो

समजा शीर्षक आहे "महिला बचत गटांमुळे ग्रामीण महिलांचे आर्थिक सक्षमीकरण: एक अभ्यास". हा विषय दरवर्षी येतो, प्रत्येकाची प्रस्तावना १९९२ला नाबार्डने बँकांशी जोडणीचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला तिथून निघते, मग १९७५ची माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), मग उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), आणि चार पानं झाली तरी स्वतःच्या तालुक्याचं नाव येत नाही.

आता कोरं पान घ्या आणि पाच रकाने आखा. शीर्षकातला महत्त्वाचा शब्द, उद्दिष्ट, प्रश्नावलीतला प्रश्न नंबर, तक्ता नंबर, निष्कर्षातलं वाक्य. प्रत्येक उद्दिष्टासाठी आडवी ओळ पूर्ण भरायची.

वरच्या पेपरचं काय होतं बघा. शीर्षकात "सक्षमीकरण". उद्दिष्ट, "सक्षमीकरणावर होणारा परिणाम अभ्यासणे". प्रश्नावलीत मात्र वय, शिक्षण, गटात किती वर्षं, बचत किती, कर्ज किती, आणि "गटामुळे तुमचा आत्मविश्वास वाढला का: होय/नाही". तक्त्यांमध्ये वय आणि शिक्षणाचे सहा पाय चार्ट. निष्कर्षात "गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण झाले आहे". ते कुठून आलं? एका होय/नाहीवरून, तेही गटाच्याच बाईला गटाच्याच मीटिंगमध्ये, अध्यक्षबाईंसमोर विचारलेल्या. कोण नाही म्हणेल हो.

गाइडला हे वाचताना खटकतं पण नेमकं बोट ठेवायला वेळ नसतो, म्हणून शेरा येतो "अ‍ॅनालिसिस वाढवा". तुम्ही आणखी चार चार्ट घालता. रिकामा रकाना रिकामाच.

दुरुस्तीचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चालतात. पहिला, जो डेटा हातात आहे त्याच्या मापाचा प्रश्न विचारा. कर्जाची रक्कम आणि कारण विचारलं होतं ना? मग पेपर हा करा: "अमुक तालुक्यातल्या गटांतून घेतलेलं कर्ज प्रत्यक्षात कशावर खर्च होतं". दवाखाना, शाळेची फी, लग्न, बी-बियाणं, शिलाई मशीन. त्यातलं उत्पन्न आणणारं किती आणि घरखर्चाचं किती, गटात जास्त वर्षं असलेल्या बायकांचं वेगळं दिसतं का. हा लहान प्रश्न आहे पण याचं उत्तर तुमच्याकडे आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नाही. दुसरा रस्ता, प्रश्न तोच ठेवायचा आणि डेटा पुन्हा आणायचा: निर्णय कोण घेतं, बँकेचं पासबुक कुणाच्या हातात असतं, कर्जाचा हप्ता कोण भरतं, असे मोजता येणारे प्रश्न, आणि मीटिंगमध्ये न विचारता घरी जाऊन. वेळ असेल तर दुसरा चांगला. सबमिशनला पंधरा दिवस असतील तर निमूटपणे पहिला.

शीर्षक सगळ्यात शेवटी बदला. आणि "एक अभ्यास" काढून टाका, पेपर म्हणजे अभ्यासच.

रिव्ह्यू म्हणजे हजेरीपट नाही

"पाटील (२०१४) यांनी अभ्यास केला. देशमुख (२०१६) यांनी अभ्यास केला." असे वीस परिच्छेद असले आणि गाइडने "रिव्ह्यू वाढवा" लिहिलं तर आणखी पाच घालून उपयोग नाही. कोण काय म्हणतं यापेक्षा कशावर एकमत आहे आणि कशावर नाही असे गट करा. कर्ज घरखर्चाला जातं म्हणणारे एकीकडे, धंद्याला जातं म्हणणारे दुसरीकडे, दोघांचे नमुने कुठले होते, आणि आपला तालुका यात कुठे बसतो. मगच "यात नवीन काय" या प्रश्नाला उत्तर मिळतं, कारण तुमची जागा त्या फटीतच असते. दुय्यम आकडे घेताना वर्ष बघा, जनगणनेचे २०११चे आकडे "सध्या" म्हणून लिहू नका. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या तोंडावर येते, आणि जिल्ह्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन बघा, ते फार कमी पोरं उघडतात.

सगळ्यात अवघड: डेटाच पुरत नाही

वरचं सगळं करूनही अडत असेल तर नमुन्याकडे या. नमुना किती मोठा घ्यायचा त्यासाठी यामानेचं सूत्र सगळे वापरतात: एकूण संख्या भागिले, एक अधिक एकूण संख्या गुणिले चूक किती चालेल त्या मर्यादेचा (मार्जिन ऑफ एरर) वर्ग. २४० बायका आणि पाच टक्के म्हणजे ०.०५ मर्यादा धरली तर २४० भागिले १.६, म्हणजे १५०. बरोबर. पण हे सूत्र नमुना चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडला असेल तरच अर्थाचं आहे. गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ज्यांनी भरला ते घेतले तर १५० काय आणि ३८४ काय, सूत्राला काही अर्थ उरत नाही. तिथे प्रामाणिकपणे "सोयीचा नमुना" लिहा आणि निष्कर्ष त्या १५० जणांपुरता ठेवा. "महाराष्ट्रातील महिला" असं लिहू नका.

काय-स्क्वेअरचं, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणाऱ्या चाचणीचंही तेच. ६० जणांना पाच वयोगट आणि पाच पर्याय अशा तक्त्यात पसरलं तर २५ घरं होतात, एका घरात सरासरी २.४ माणसं. अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असलेली घरं २० टक्क्यांच्या वर गेली की ती चाचणी भरवशाची राहत नाही, एसपीएसएस तक्त्याखाली बारीक अक्षरात सांगतंही, ती ओळ कॉपी करताना पोरं गाळतात. वयोगट दोन करा, "पूर्ण सहमत" आणि "सहमत" एकत्र घ्या, मग बघा. गट एकत्र का केले ते मात्र पेपरमध्ये लिहा.

आणि घरी बसून फॉर्म भरू नका. एकाच रात्रीत दोन-दोन मिनिटांच्या अंतराने आलेले चाळीस प्रतिसाद, सगळ्यांचं उत्तर "सहमत", हे टाइमस्टॅम्पमध्ये दिसतं. ३० खरे फॉर्म असतील तर ३०च लिहा.

इथे थांबा, पुढचं दुसऱ्याचं काम

डेटा गोळा करायच्या आधीच कुठली चाचणी लावायची ते ठरत नसेल तर स्टॅटिस्टिक्सच्या माणसाकडे जा, आणि आधी म्हणजे आधीच. नामवंत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३८ साली भारतातल्या संख्याशास्त्र परिषदेत भाषण करताना हेच सांगितलं होतं, प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावलं तर तो फार तर शवविच्छेदन करून देतो. बऱ्याच कॉलेजांत स्टॅटचा विभाग असतो, तिथे बिनदिक्कत जा. जाताना प्रश्नावली, एक्सेल शीट आणि ते पाच रकान्यांचं पान न्या, नुसतं "सर अ‍ॅनालिसिस करून द्या" म्हणू नका.

पेशंट, अल्पवयीन मुलं, कैदी अशांकडून माहिती घेणार असाल तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी. आरोग्याशी संबंधित असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. नंतर मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही, हे घरी दुरुस्त होणारं काम नाही.

सिमिलॅरिटी ४०च्या वर गेली, किंवा कुणी लेखी तक्रार केली, तर स्वतः खाडाखोड बंद करा. गाइडला लगेच सांगा. विभागाची आणि संस्थेची अशी दोन समित्या असलेली रचना नियमातच आहे, तिथे तुमचं म्हणणं मांडायची संधी मिळते. रिपोर्टची आणि ड्राफ्टची प्रत जपून ठेवा.

जर्नलने पैसे मागितले, "तीन दिवसांत पब्लिश" म्हटलं, तर लायब्रेरियनला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादी २०२५मध्ये बंद झालीय, त्यामुळे "केअर लिस्टेड" लिहून पैसे मागणाऱ्यांपासून तर लांबच राहा. खऱ्या जर्नलच्या नावाची हुबेहूब खोटी वेबसाइटही असते, जर्नलचा ओळख क्रमांक म्हणजे आयएसएसएन नंबर आयएसएसएनच्याच पोर्टलवर तपासा.

गाइड महिनोन्‌महिने वाचतच नसतील तर हे पेपरचं दुखणं नाही. तारखांसकट मेल ठेवा आणि विभागप्रमुखांकडे जा, भांडायला नको, मुदतीचं पत्र मागायला. आणि पेपरमुळे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर पेपर बाजूला ठेवून घरच्यांशी बोला किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

"पेपर, थिसिस लिहून मिळेल" असं चिकटवलेलं विद्यापीठाच्या गेटबाहेर दिसतं, तो यातला प्रोफेशनल नव्हे. मुद्रितशोधक मात्र पैसे देऊन जरूर घ्या, विशेषतः मराठी पेपरला, पण पाच रकाने भरून झाल्यावरच, नाहीतर तुम्ही परिच्छेद बदलणार आणि तेच काम त्याला परत द्यावं लागणार. त्याला विद्यापीठाचं माहितीपत्रक, संदर्भाची स्टाइल आणि तुमच्या विषयातले ठरलेले शब्द लिहून द्या, आणि अवतरणांना हात लावू नका हे स्पष्ट सांगा.